शनिवारच्या गोंधळाला वेळेवर निघायचंय

मंडळी, परवा शनिवारी देवीच्या गोंधळाला जायला क्रूझर लातूरच्या शिवाजी चौकातून संध्याकाळी साडेसातला निघेल. जेवून या, शाल घ्या.

हात जोडून सांगतो, उशीर करू नका. मागच्या वेळी आपण थेट आख्यानालाच, म्हणजे कथा सुरू झाल्यावरच पोचलो. सुरुवातीचा गण (गणपतीचं स्तवन) आणि आवाहन हुकलं, ते अजून मनाला लागून आहे. तुळजापूरच्या भवानीपासून एकेका देवाला 'गोंधळाला या' म्हणून बोलावतात, दिवटीचा उजेड हलत असतो आणि संबळावर वाकड्या काठीचा ठोका पडला की छातीत घुमतो. तुणतुण्याला तार एकच, पण रात्रभर सूर तीच धरते!

आरती पहाटे होईल. त्याआधी कुणी उठायचं नाही. गोंधळ्यांच्या बिदागीचे शंभर रुपये वेगळे ठेवा. येणाऱ्यांनी आज रात्रीपर्यंत नाव कळवा.