मेस्तकाका, भट्टीचा तळ सुकला

आदरणीय मेस्तकाका,
सा. न. वि. वि.

पिझ्झाची बूड पांढरी राहते म्हटलं की जो तो पिठाला नावं ठेवतो. पाणी कमी करा, यीस्ट वाढवा, मैदा बदला. तुम्ही मात्र आमच्या हॉटेलातल्या लाकडाच्या पिझ्झा-भट्टीखाली वाकलात आणि चौथऱ्याच्या चिऱ्याला, म्हणजे जांभ्या दगडाला, नख लावलंत. नखाला ओल आली. आभार त्या वाकण्याचे. चारचौघांत मानतोय, कारण गोव्यात घरच्या माणसांनी चालवलेली इटालियन हॉटेलं आणखीही आहेत आणि चिऱ्याचा चौथरा बांधायची सवय आपल्या सगळ्यांचीच.

चिरा पाणी ओढतो. पावसाळ्यात जमिनीतली ओल त्यातून वर चढते आणि लाकडाची बरीच आच ते पाणी उडवण्यातच जाते. घुमटाची काजळी 2 तासांत जळून तो पांढरा व्हायचा, तळ मात्र 250 अंशांवर अडून बसायचा. वर काळे डाग, खाली कच्चं पीठ.

तुम्ही तळाच्या विटा उचलून चौथऱ्यावर वॉटरप्रूफ काँक्रीटचा 10 सेंमी थर घातलात. त्यावर, आच खाली उतरू नये म्हणून, बियरच्या 44 रिकाम्या बाटल्या आडव्या, फटींत 5 भाग व्हर्मिक्युलाइट (आच अडवणारं हलकं खनिज) आणि 1 भाग सिमेंट. बाटल्यांना बूच लावू दिलं नाहीत. कोंडलेली हवा तापली की काच तडकते. वर वाळू आणि फायर क्ले (आच सोसणारी माती) यांचा पातळ थर आणि 230×115×75 मिमीच्या फायर ब्रिक, म्हणजे त्याच मातीच्या भाजलेल्या विटा, मसाल्याशिवाय, नुसत्या भिडवून. एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते.

घुमटाचंही तसंच. आधीच्या कंत्राटदाराने सांधे साध्या सिमेंटने भरले होते. 300 अंशांपुढे ते सिमेंट कमजोर होत जातं आणि सांध्यातून भुकटी थेट चीजवर पडते. तुम्ही 3 वाळू, 1 सिमेंट, 1 चुना, 1 फायर क्ले असा मसाला केलात. सिमेंटने दम सोडला तरी चुना आणि फायर क्ले धरून ठेवतात. घुमट आणि बाहेरची भिंत यांत बोटभर फट सोडून सिरॅमिक वूल (आच सोसणारा कापसासारखा थर) कोंबलंत, म्हणजे तापून फुगलेला घुमट भिंतीला ढकलत नाही. तोंड मोठं करायचा आमचा हट्टही मोडलात ते बरं झालं. घुमट 40 सेंमी, तर तोंड 25. त्याहून उंच केलं की आच बाहेर पळते, बुटकं केलं की धूर आत कोंडतो.

नेपल्समध्ये कोंदुर्रो कुटुंब 1870 पासून याच धंद्यात आहे. त्यांच्या दुकानात कित्येक वर्षं फक्त मार्गरिता आणि मारिनारा हे दोनच पिझ्झा मिळायचे. दोनच पदार्थांवर पिढ्या चालवायच्या तर भट्टी किती भरवशाची हवी! तिकडे तळाला सोरेंतोच्या मातीची जाड फरशी घालतात. ती आच हळू सोडते, त्यामुळे 450 अंशांतही बूड करपत नाही. आपल्या फायर ब्रिकला ते जमत नाही, म्हणून 420 च्या वर काटा गेला की ओलं फडकं फिरवून थांबायचं. आता 90 सेकंदांत पिझ्झा होतो. 1 किलो मैदा, 600 मिली पाणी, 28 ग्रॅम मीठ, हे प्रमाण आम्ही तसूभरही बदललेलं नाही.

आणि ते 7 दिवस! पहिल्या दिवशी 100 अंश, मग रोज 50 ने वाढ. चवथीची गिऱ्हाइकं दारात असताना कोरी भट्टी पेटवू न देणं सोपं नव्हतं. पण विटांतल्या पाण्याची एकदम वाफ झाली असती तर घुमट फाटला असता. लाकडंही तुम्ही सांगितली तीच, सुरूची, फोडून छपराखाली वाळवलेली.

तोंडाच्या डावीकडे, तिसऱ्या ओळीत केसाएवढी चीर आली आहे. तुम्ही बजावल्याप्रमाणे लिंपली नाही. दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घातली. चीर अजून खुणांच्या आतच आहे.

आपले,
भट्टीवरची मंडळी