गिटमधील जुना हॅश: निदान नव्या कामात तरी नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सॉफ्टवेअरच्या कामाचा इतिहास राखणारी गिट ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहिली. तेव्हापासून तिच्यातील प्रत्येक फाइल, फोल्डर आणि कमिट (म्हणजे केलेल्या बदलांची एक नोंद) यांना मिळणारे ४० अक्षरांचे नाव एसएचए-१ या हॅशमधून, म्हणजे मजकुराच्या ठशातून, काढले जाते. हा ठसा आता विश्वासार्ह राहिलेला नाही, याविषयी जाणकारांत दुमत नाही. तरीही आपल्याकडची महाविद्यालये, कंपन्या आणि सरकारी कंत्राटदार रोज ज्या नव्या रेपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांचा इतिहास यांचे साठे, उघडतात, त्या बहुतेक त्याच्याच आधारावर उभ्या राहतात. जुन्या रेपॉझिटरींचा प्रश्न अवघड आहे हे मला मान्य आहे. नव्यांबाबत मात्र तेवढे सबळ कारण दिसत नाही, म्हणून हे पत्र.

एसएचए-१ हे अमेरिकेचे १९९५ चे मानक. श्याओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावरचा पहिला मोठा हल्ला, म्हणजे दोन मजकुरांना एकच ठसा आणण्याची तुलनेने सोपी वाट, फेब्रुवारी २००५ मध्ये जाहीर केला, म्हणजे गिटच्या जन्माआधीच पायाला तडा गेलेला होता. पुढे २३ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गुगल यांनी एकच एसएचए-१ ठसा असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइली जगापुढे ठेवल्या. त्यासाठी एका प्रोसेसरची ६,५०० वर्षे आणि एका ग्राफिक्स कार्डाची ११० वर्षे भरतील एवढे गणित करावे लागले होते. हे आकडे ऐकून अनेकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला, पण तो फार दिवस पुरला नाही. गाएतां लरां आणि थॉमस पेरां या संशोधकांनी जानेवारी २०२० मध्ये याहून घातक प्रकार करून दाखवला: दोन्ही मजकुरांची सुरुवात आपल्याला हवी तशी वेगळी ठेवायची आणि तरीही शेवटी ठसा एकच आणायचा. असा हल्ला सुमारे ४५ हजार डॉलरमध्ये होऊ शकतो, असा त्यांचा अंदाज होता.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, गिट मजकुराआधी त्याचा प्रकार आणि लांबी लिहून मगच ठसा घेते, त्यामुळे त्या दोन पीडीएफना गिटमध्ये एकच नाव मिळत नाही. शिवाय मे २०१७ मधील २.१३ या आवृत्तीपासून अशा हल्ल्याच्या खुणा ओळखणारा एसएचए-१ गिटमध्ये बसवलेला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण हल्लेखोर ती प्रकार-लांबीची ओळ धरूनच नवे गणित मांडू शकतो, आणि पहारेकरी ओळखतो ते माहीत असलेल्या पद्धतींनाच. दुसऱ्याने आधीच लिहून ठेवलेल्या फाइलीला जुळणारी फाइल बनवणे आजही कोणाला जमलेले नाही, हेही सांगायला हवे. भीती वेगळी आहे. एखाद्याने निरुपद्रवी आणि घातक अशी जोडी स्वतःच आधी तयार करायची, निरुपद्रवी फाइल तपासणीसाठी द्यायची, आणि मंजुरी मिळाल्यावर दुसरीकडे त्याच नावाने घातक फाइल पुढे करायची. चित्र किंवा फर्मवेअर (यंत्राच्या आत बसवलेले सॉफ्टवेअर) यांसारख्या फाइलींत निरर्थक बाइट्स कोणाच्या नजरेतही भरत नाहीत. प्रकल्पप्रमुख टॅगवर, म्हणजे एखाद्या आवृत्तीला लावलेल्या नावपट्टीवर, डिजिटल सही करतात ती सगळ्या मजकुरावर नसते, त्या ४० अक्षरांवर असते. ती अक्षरे डळमळली की सहीला अर्थ उरत नाही.

मग बदलायला इतकी वर्षे का लागतात? गिटमध्ये कमिटच्या पोटात आधीच्या कमिटचे नाव असते आणि त्याच्या पोटात त्याच्या आधीचे, त्यामुळे हॅश बदलला की पहिल्या दिवसापासूनची सगळी नावे बदलतात. जुन्या सह्या निकामी होतात, आणि ईमेलमध्ये, त्रुटींच्या नोंदींत, करारांच्या जोडपत्रांत लिहिलेले क्रमांक कशाकडेच बोट दाखवीत नाहीत. जमिनीचे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा जुन्या नंबराचा नवा कोणता हे दाखवणारा उतारा किती वर्षे शोधावा लागला, हे गावाकडच्या वाचकांना सांगायला नको. गिटलाही असाच दुहेरी उतारा लागणार आहे; त्याचे काम चालू आहे, पुरे झालेले नाही.

दुसरी अडचण आमच्यासारख्या सॉफ्टवेअर अभियंत्यांनी निर्माण केलेली आहे. मी काम केलेल्या एका प्रकल्पात डेटाबेसमधला कमिटचा रकाना नेमका ४० अक्षरांचा ठेवलेला होता, आणि तो मीच ठेवला होता; नव्या हॅशचे ६४ अक्षरांचे नाव त्यात मावणार नाही. खुद्द गिटच्या कोडमध्येही ठशाची २० बाइटची लांबी शेकडो ठिकाणी रुजलेली होती. ती एकेक करून उपटण्याचे चिकाटीचे काम मुख्यतः ब्रायन कार्लसन यांनी वर्षानुवर्षे केले.

त्या कामाचे फळ हाताशी आहे. ऑक्टोबर २०२० च्या २.२९ आवृत्तीत एसएचए-२५६ हा अधिक भक्कम हॅश प्रायोगिक स्वरूपात आला, ऑगस्ट २०२३ च्या २.४२ मध्ये ‘प्रायोगिक’ हा शिक्का निघाला, आणि ३.० आवृत्तीत नव्या रेपॉझिटरीसाठी वेगळे काही न सांगता तोच आपोआप वापरला जावा, असे ठरले आहे. अडले आहे ते होस्टिंगपाशी, म्हणजे रेपॉझिटरी इंटरनेटवर ठेवून घेणाऱ्या सेवांपाशी. फोर्जेयोसारख्या काही प्रणाली नव्या हॅशची रेपॉझिटरी स्वीकारतात, पण सगळ्या नाहीत. सेवा देणारे म्हणतात मागणी नाही, आणि वापरणारे म्हणतात सेवा नाही. जुन्या आणि नव्या हॅशच्या रेपॉझिटरींत सध्या थेट देवाणघेवाण होत नाही, त्यामुळे चालू प्रकल्पात हातभार लावणाऱ्याला पर्याय नाही. पण स्वतःच्या सर्व्हरवर गिट चालवणाऱ्या संस्थांना, आणि अशा संस्था आपल्याकडे पुष्कळ आहेत, नवे काम एसएचए-२५६ वर सुरू करण्यासाठी रेपॉझिटरी उघडतानाच्या आज्ञेत एक पर्याय जोडावा लागतो, एवढेच.

जाता जाता: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात एसएचए-२५६ च्या शेजारी एसएचए-१ आणि त्याहूनही मोडीत निघालेला एमडी५ यांचे रकाने आहेत. अमेरिकेच्या मानक संस्थेने मात्र एसएचए-१ चा वापर ३१ डिसेंबर २०३० पर्यंत पूर्ण थांबवावा, असे डिसेंबर २०२२ मध्येच जाहीर केले आहे.

माझी विनंती दोघांना आहे. सरकारी सॉफ्टवेअरच्या निविदा काढणाऱ्यांनी नव्या रेपॉझिटरीसाठी एसएचए-२५६ ची अट घालावी, म्हणजे होस्टिंग सेवांना मागणी दिसेल. अभियांत्रिकीच्या शिक्षकांनी गिटच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात ६४ अक्षरांचे नाव विद्यार्थ्यांना दाखवावे, आणि डेटाबेस शिकवताना कमिटच्या रकान्याची लांबी त्यांना ४० वर बांधू देऊ नये.

आपला,
एक निवृत्त सॉफ्टवेअर अभियंता, पुणे