माळ्यावरचे कागद रद्दीत देण्यापूर्वी : लालबाग-परळच्या आजी-माजी रहिवाशांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

लालबाग, परळ, नायगाव आणि शिवडी या भागांतील अनेक जुन्या चाळी सध्या पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. खोली सोडताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरते आणि तिच्यातले कागद बहुधा त्याच दुपारी रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. गेल्या दिवाळीच्या आधी आमच्याच चाळीत असे एक बाड सुतळीने बांधून जिन्याखाली ठेवलेले होते. रद्दीवाला जेवायला गेला होता म्हणून ते वाचले, आणि त्यातून लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही निघाली. १९४९ ते १९६३ या काळात चाळीतील भाडेकरूंनी वर्गणी काढून नळ, संडास, गटार आणि टाकी यांची जी कामे करून घेतली, त्यांचा हिशोब तिच्यात आहे. या वहीमुळेच प्रस्तुत आवाहन करण्याचे आमच्या रहिवासी समितीने ठरविले.

वहीतील नोंदी अगदी साध्या आहेत. दुसऱ्या मजल्यावरील नळाचा वायसर बदलला, साडेतीन आणे. संडासाच्या दाराची खालची फळी कुजली होती ती नवी बसविली, सुतारास दीड रुपया. गच्चीवरील टाकी गणपतीपूर्वी धुऊन घ्यावी, असा ठराव. जिन्याखाली धान्य ठेवू नये, उंदीर होतात, अशी ताकीद. ती दर पावसाळ्यात नव्याने दिलेली दिसते, म्हणजे कोणी पाळली नसावी. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा हिशोबनीसांनी ‘आणे’ या शब्दावर काट मारून त्याच शाईने ‘न. पै.’ असे लिहिले आहे, आणि पुढची दोन पाने जुना व नवा असे दोन्ही हिशोब शेजारी शेजारी चालविले आहेत.

भाडेकरूंना ही कामे स्वतः का करावी लागत होती, हे आजच्या पिढीला सांगणे आवश्यक आहे. १९४१ ते १९५१ या दहा वर्षांत मुंबईची लोकसंख्या दीडपटीहून अधिक झाली. युद्धकाळात गिरण्या रात्रंदिवस चालल्या, पाठोपाठ फाळणीचे निर्वासित आले, आणि दहा बाय बाराच्या खोलीत कुटुंबाबरोबर गावाकडचे दोन-तीन पाहुणे कायमचेच राहू लागले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. त्यामुळे कामगारांच्या डोक्यावरचे छप्पर टिकले, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु त्याच भाड्यात नळ आणि संडास दुरुस्त करण्यात मालकाला काही स्वारस्य उरले नाही. पालिका रस्त्यापर्यंत येत होती, मालक येतच नव्हता, आणि मधल्या जागेत जे काही बिघडे ते चाळीच्या वर्गणीवर येऊन पडे. आमची वही त्या मधल्या जागेची आहे.

परळच्या सार्वजनिक आरोग्याचा इतिहास म्हटला की मोठ्या संस्था डोळ्यांपुढे येतात. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्याच जानेवारीत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि १९२५ पासून ती हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. केईएम रुग्णालय आणि वाडिया प्रसूतिगृह १९२६ चे, वाडिया बाल रुग्णालय १९२९ चे. या संस्थांना कोनशिला आहेत, अहवाल आहेत, दप्तरे आहेत. पटकी आणि विषमज्वर मात्र ज्या नळाच्या तोटीपाशी आणि ज्या मोरीत रोखले गेले किंवा रोखले गेले नाहीत, तिथला कागद कुणी जपला नाही.

त्या काळची व्यवस्था ज्यांनी पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. मजल्यावर पंधरा-वीस बिऱ्हाडे आणि टोकाला दोन-तीन संडास, ही सर्वसाधारण रचना. सरकारी विकास खात्याने १९२० नंतर बांधलेल्या २०७ बीडीडी चाळींतही एका मजल्यावर वीस खोल्या होत्या आणि संडास सामाईकच होते. पहाटे दाराबाहेर टमरेलांची रांग लागे. माणूस घरात आणि टमरेल रांगेत, हा नियम सर्वांना मान्य असे. त्यात डालड्याचे डबे अधिक असत आणि प्रत्येकावर खिळ्याने कोरलेली खोलीची खूण असे. स्त्रिया पुरुष उठण्याच्या आत जाऊन येत. आजारी माणसाची, बाळंतिणीची आणि मासिक पाळीतील कपड्यांची सोय कशी होत असे, याविषयी वहीत एक अक्षर नाही, कारण वही पुरुषांनी लिहिली आहे.

पाण्याचीही गोष्ट वेगळी नाही. शहराला १८९२ पासून तानसाचे पाणी होते आणि १९५७ मध्ये वैतरणेवरील मोडक सागराचे पाणी आले. त्या वर्षानंतर वहीतील नळावरची भांडणे कमी झाली असतील, अशी आमची अपेक्षा होती. ती कमी झालेली नाहीत. धरण भरले तरी चाळीतला नळ अर्ध्या इंचाचाच होता, आणि वरच्या मजल्यापर्यंत जोर पोहोचत नव्हता. म्हणून पिंपे, हंडे आणि टाक्या, आणि टाक्या म्हटल्या की डास. मुंबईत हिवताप पसरविणारा डास गटारात नव्हे, तर विहिरी आणि टाक्यांतील स्वच्छ पाण्यात वाढतो, हे डॉ. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालापासून पालिकेला ठाऊक होते. टाकीला घट्ट झाकण आणि तपासनीसाला चढण्यासाठी शिडी असावी, हा आग्रह त्यातूनच आला. आमच्या टाकीची लोखंडी शिडी अजून जागेवर आहे. इमारत पाडण्यापूर्वी तिचे छायाचित्र आणि मापे घेतली जातील.

आता ज्या गोष्टीमुळे आम्ही अस्वस्थ झालो, ती सांगणे भाग आहे. या वहीत नळवाल्याचे नाव आहे, सुताराचे नाव आहे, टाकी धुणाऱ्या गड्याचेही नाव दोन ठिकाणी आहे. संडास आणि घरगल्ली झाडणाऱ्या बाईचे नाव चौदा वर्षांत एकदाही आलेले नाही. दिवाळीला ‘झाडूवाली, बक्षीस १ रु.’ एवढीच नोंद, आणि एका वर्षी तीही नाही. दोन चाळींच्या मधल्या त्या अरुंद घरगल्लीत वरून कचरा, उष्टे आणि सांडपाणी पडत असे. जिथे टोपलीचे संडास होते तिथे मैलाही त्याच गल्लीतून डोक्यावर वाहून न्यावा लागे. पालिकेच्या कायद्यात या कामासाठीच्या कराला ‘हलालखोर कर’, म्हणजे मैला उचलणाऱ्यांच्या नावाचा कर, असेच म्हटलेले होते. चाळीने त्या बाईला पाण्याचा तांब्यासुद्धा वरून ओतून दिला असेल, हे आमच्यातील ज्येष्ठ सदस्य खाली मान घालून सांगतात. दोष आमच्याच वाडवडिलांचा आहे. म्हणून हे आवाहन केवळ चाळकऱ्यांना नाही. काठेवाडातून आलेली मेघवाळ कुटुंबे, महाराष्ट्रातील दलित कुटुंबे आणि ज्यांच्या घरी पालिकेच्या सफाई खात्यातील नोकरी होती अशा सर्वांना आमची विशेष विनंती आहे की त्यांनी आपल्या आई-आजीचे, वडील-आजोबांचे नाव, बिल्ला, नेमणुकीचा कागद, पगाराची चिठ्ठी किंवा नुसती आठवण आम्हाला द्यावी. आठवण गुजरातीत किंवा हिंदीत सांगितली तरी ती तशीच नोंदवून घेतली जाईल.

इतरांकडून आम्हाला साधारण १९४० ते १९६५ या काळातील कागद हवे आहेत. देवीची लस टोचल्याचा दाखला, क्षयाच्या तपासणीची किंवा बीसीजीची चिठ्ठी, कामगार विम्याचे कार्ड, आरे दूध केंद्राचे कार्ड, पालिकेची नोटीस, भाड्याची पावती, चाळ समितीचे इतिवृत्त, चाळीच्या गॅलरीतले छायाचित्र, यांपैकी काहीही चालेल. तुम्हाला क्षुल्लक वाटणारी वस्तूही दाखवावी; खोलीची खूण कोरलेले एखादे टमरेल कुणाकडे शिल्लक असेल, तर ते आम्हाला छायाचित्रापेक्षा मोलाचे आहे. गिरणी कामगारांची अनेक कुटुंबे रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि साताऱ्याकडे परतली, तेव्हा गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाणाऱ्यांनी तिथलाही माळा पाहावा. मूळ कागद द्यायचा नसेल तर आम्ही त्याची प्रत करून तो त्याच दिवशी परत करू. घरात क्षय होता हे आजही लपविले जाते, याची आम्हाला जाणीव आहे. आजारासंबंधीच्या कागदावरील नाव आणि पत्ता कुटुंबाच्या लेखी संमतीवाचून कोणालाही दाखविला जाणार नाही.

कागदांपेक्षाही तातडीचे काम आठवणींचे आहे. १९५५ साली पाण्याच्या रांगेत उभी असलेली मुलगी आज ऐंशीच्या पुढे गेली आहे. अशा आजींजवळ बसून, घाई न करता, त्यांना थकवा न आणता बोलणे नोंदवून घेणारे स्वयंसेवक आम्हाला हवे आहेत. स्त्रियांनी पुढे यावे, कारण संडासाविषयी आणि बाळंतपणाविषयी आजी नातवापाशी बोलणार नाहीत. जुने हस्ताक्षर वाचू शकणाऱ्या निवृत्त शिक्षकांची आणि कारकुनांचीही गरज आहे. वहीतील काही पानांवर पाणी सांडलेले असल्याने ती आमच्यापैकी कोणाला लागत नाहीत.

खर्चाचा अंदाज एक लाख साठ हजार रुपयांचा आहे. त्यातील पंचेचाळीस हजार वह्यांचे पान न वाकवता छायांकन करणाऱ्या यंत्रासाठी, पंधरा हजार कागद ठेवण्याच्या आम्लविरहित पेट्यांसाठी आणि उरलेले एक लाख टंकलेखनासाठी व ध्वनिमुद्रण उतरवून घेणाऱ्या दोन तरुणांच्या मानधनासाठी आहेत. समितीचे पदाधिकारी कोणतेही मानधन घेणार नाहीत. या देणगीवर आयकराची सवलत मिळणार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पन्नास रुपयांचीही पावती दिली जाईल आणि हिशोब दर तीन महिन्यांनी चाळीच्या फलकावर लावला जाईल; इमारत पाडल्यावर तो संक्रमण शिबिराच्या प्रवेशद्वारापाशी लागेल.

समितीची खोली तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला आहे. रविवारी सकाळी दहा ते एक या वेळेत तिथे कोणीतरी असतेच. ज्यांना जिना उतरणे शक्य नाही, त्यांनी शेजाऱ्याकडून निरोप पाठवावा, आम्ही वर येऊ. खोल्या रिकाम्या करण्याची मुदत पावसाळ्यापूर्वी संपते, म्हणून ट्रंक आधी उघडावी आणि रद्दीवाल्याला त्यानंतर बोलवावे.

आपले नम्र,
रहिवासी समितीचे सर्व सभासद