हवालदार काका, फलकावरच्या सहा ओळींबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आपल्या गल्लीच्या टोकाच्या जुन्या पोलीस ठाण्याच्या भिंतीवर अखेर फलक बसला. नारळ पाहुण्यांनी फोडला, फोटोत पुढं मंडळाची पोरं, आणि तुम्ही मागं रस्त्यावर उभं राहून रिक्षा वळवत होतात. निवृत्त होऊनसुद्धा! भाषणांत तुमचं नाव कुणी घेतलं नाही. तुम्हाला त्याचं काही वाटलं नसेल, आम्हाला वाटलं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

आमचा पहिला मसुदा तुम्हाला आठवतच असेल. ‘इंग्रज सरकारचे ऐतिहासिक ठाणे. येथे वसंतदादांना कैदेत ठेवले होते.’ तुम्ही चष्मा कपाळावरून खाली ओढलात आणि एवढंच विचारलंत, “सांगलीत इंग्रजांचं ठाणं?” मग कट्ट्यावर बसून सगळं समजावलंत. हे पटवर्धनांचं संस्थान. ८ मार्च १९४८ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं, तोवर इथला शिपाई संस्थानचा. १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि सांगली जिल्हा हे नाव १९६० साली आलं. म्हणजे माणसं तीच, भिंत तीच, पाटी तेवढी बदलत गेली. तुमचे वडीलही खात्यातलेच. त्यांच्या रजेच्या अर्जावरचा ‘दक्षिण सातारा’ असा शिक्का तुम्ही दाखवलात तेव्हा मंडळातली कॉलेजची पोरं एकदम गप्प झाली. आपण कधी साताऱ्यात मोडत होतो, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

दादांच्या ओळीवरून मात्र वाजलं. “काका, ती ओळ गेली तर फलकाकडं कोण बघणार?” असं एकजण म्हणाला. तुम्ही आवाज चढवला नाही. दादांनी सांगलीचा तुरुंग फोडला तो २४ जुलै १९४३ ला, त्यात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांनी प्राण दिले; त्यांचं मोठेपण त्या जागेचं आहे, आपल्या भिंतीला आणून चिकटवायचं नाही, म्हणालात. कागद दाखवा, मग लिहा. कागद कुणाकडंच नव्हता. ओळ गेली.

‘जनतेचा आधारवड’ हे दोन शब्दही तुम्हीच खोडलेत, आणि खरं सांगू, माझ्या लेखी तुमचं सगळ्यात मोठं काम तेच. “आत मार खाल्लेलेही याच गल्लीत राहतात. त्यांनी हे वाचायचं आणि हसायचं का?” असं एक पोलीसच म्हणतो, हे आम्हाला अपेक्षित नव्हतं. डी. के. बसू खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९६ चा. अटक झाली की पंचनाम्यासारखा रीतसर कागद करायचा, नातेवाइकाला कळवायचं, आणि हे नियम ठाण्यात सगळ्यांना दिसतील असे लावायचे. तो बोर्ड तुम्ही स्वतः ठोकला होता. कोठडीशेजारचे त्याचे खिळे अजून आहेत. रंगाऱ्याला ते उपटू दिले नाहीत, तेही तुम्हीच.

मग उरलं काय, तर ठाण्याचं रोजचं काम. ठाणे अंमलदाराचं टेबल, स्टेशन डायरी, मुद्देमालाची खोली. त्या खोलीबद्दल तुम्ही बोलत होतात तेव्हा आमचा चहा गार झाला. सायकली, तांब्याच्या घागरी, प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी: गुन्हा नंबर, कलम, तारीख. न्यायालयाचा हुकूम आल्याशिवाय घागर मालकालाही मिळायची नाही, आणि म्हातारी रोज येऊन लांबूनच तिच्यावर नजर टाकून जायची. एनसीचंही, म्हणजे अदखलपात्र तक्रारीचंही, तसंच. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय त्यात तपास करता येत नाही, पण नक्कल हातात पडली की निम्मी भांडणं घरी जाईपर्यंत विझायची. (कलमं तुम्ही अजून जुनीच सांगता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आलीय, चोरी ३७९ वरून ३०३ वर गेलीय, पण तुमच्या तोंडी ३७९ च शोभतं.) चतुर्थीच्या आधी गुपचूप बसणारा चोर गणपती ज्या गावात आहे तिथल्या ठाण्यात बंदोबस्ताच्या गमती कमी नसणार. त्या फलकावर मावल्या नाहीत, तुम्ही लिहून काढा.

परवानगीच्या कागदाची रखडपट्टी इथं उगाळत नाही. कुठलं टेबल, कुठला जावक नंबर, हे तुम्हाला माहीत होतं म्हणून फाईल हलली.

आता एक काम बाकी आहे. २००५ च्या पुरात तुम्ही लोकांनी रजिस्टरं डोक्यावरून माळ्यावर चढवली होती. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ असताना, तेव्हा ठाणं इथून हललेलं होतं आणि रिकामी इमारत बुडाली. दोन्ही पुरांच्या रेघा फलकाखाली मारायच्या असं ठरलंय. २०१९ ची खूण भिंतीवर दिसते. २००५ ची रंगाखाली गेलीय, ती कुठवर होती ते तुम्हीच दाखवू शकाल. पेंटर रविवारी सकाळी नऊला येणार आहे. काकूंनाही घेऊन या, नाश्ता आमच्याकडं.

आपला,
गल्लीतला शेजारी, मंडळाच्या वतीनं