विहीर बुजवू नका, बाबा

कोपनहेगन, 8 जून 2025

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. तिकडे मिक्सर सुरू होता, दादाला निघायची घाई होती, आणि मला सांगायचं होतं ते दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. म्हणून लिहायला बसले. रात्रीचे साडेनऊ झालेत, पण बाहेर अजून लख्ख उजेड आहे.

दादानं पाठवलेला बिल्डरचा नकाशा मी प्रिंट काढून, स्केल लावून पाहिला. घर पाडून चार मजले, त्यातले दोन आपले, दोन त्याचे. याला माझी ना नाही. आईचे गुडघे बघता लिफ्ट हवीच. पण त्या नकाशात बेसमेंट पार्किंग आहे, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत, आणि मागच्या कोपऱ्यात आपल्या विहिरीच्या जागी जनरेटरची खोली आहे. विहिरीचं नाव कुठेच नाही. फक्त एका बारीक बाणापाशी ‘टू बी फिल्ड’, म्हणजे बुजवायची, असं लिहिलंय.

बाबा, एवढं होऊ देऊ नका.

नागपुरातली 23 सप्टेंबर 2023 ची पहाट मी इथे बसून फोनवर पाहिली. इथे मध्यरात्र उलटली होती. तुम्ही टॉर्च धरला होता, आई देव्हाऱ्यातले देव उशीच्या अभ्र्यात घालून कपाटावर ठेवत होती, आणि फ्रीज हॉलमध्ये आडवा तरंगत होता. चार तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीनं भिंती ओलांडल्या, आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून आपल्या गल्लीपर्यंत सगळं पाण्याखाली गेलं. सैन्याच्या जवानांना बोलवावं लागलं. शहरात माणसं गेली. आपलं सामान गेलं, तुम्ही दोघं राहिलात, हे मी कधी विसरत नाही. पाणी ओसरल्यावर तुम्ही बैठकीच्या दारामागे पेन्सिलीनं रेघ ओढलीत आणि शेजारी लिहिलंत, 2 फूट 10 इंच. डिसेंबरात आले तेव्हा त्या रेघेवर बोट ठेवून मी बराच वेळ उभी होते. आता त्याच जागी जमिनीच्या खाली दहा फूट खोदून गाड्या ठेवायच्या म्हणतात. नदीला पूर आला की सगळ्यात आधी बेसमेंट भरतं, आणि गाडी काढायला म्हणून खाली गेलेला माणूस वर येत नाही. त्यापेक्षा खालचा मजला खांबांवर मोकळा ठेवा. पाणी आलं तर येईल आणि निघूनही जाईल. मीटर, पंप, लिफ्टचं मशीन मात्र त्या रेघेच्या वर असू द्या.

मी ज्या गावात राहते, त्या गावानंही हे भोगलंय. 2 जुलै 2011 ला इथे दोन तासांत सुमारे 150 मिलिमीटर पाऊस कोसळला. ढगफुटीला डॅनिश लोक ‘स्कायब्रुड’ म्हणतात. तळघरं बुडाली, सांडपाण्याचे गडर उलटले, रस्ते बंद झाले, अब्जावधी क्रोनरचं नुकसान झालं. पुढच्याच वर्षी, 2012 मध्ये, शहरानं ढगफुटीसाठी वेगळा आराखडा केला: वीस वर्षं आणि साधारण 300 कामं. शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस आला तरी रस्त्यावर 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी साचू नये, असं ठरलं. माझी नोकरी त्यातल्याच काही कामांच्या हिशेबाची आहे. पहिल्या दिवसापासून मला एकच गोष्ट शिकवली गेली. सगळं पाणी पाइपात कोंबायला गेलं तर पाइप मोठे मोठे होत जातात आणि पैसा पुरत नाही. थोडं पाणी जमिनीवरच थांबवलं, थोडं मुरवलं, आणि उरलेलंच पाइपात सोडलं, तर खर्च कमी येतो.

माझ्या घरापासून दहा मिनिटांवर एन्घावेपार्कन नावाची बाग आहे. 1920 च्या दशकातली, जुनी झाडं, गुलाबांचे वाफे. तिच्या तीन बाजूंना हल्ली एक बुटकी भिंत आहे. संध्याकाळी म्हातारी माणसं तिच्यावर बसून आइस्क्रीम खातात. ती भिंत म्हणजे बांध आहे, हे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. मोठा पाऊस आला की अख्खी बाग तलाव होते आणि 22 हजार घनमीटरच्या आसपास पाणी धरून ठेवते, म्हणजे सव्वादोन कोटी लिटर. खेळायचं मैदान मुद्दाम खोल केलंय, आधी ते भरतं. मागच्या शरदात एका पावसानंतर मी तिथून जात होते. मैदानात घोट्याएवढं पाणी आणि त्यात गमबूट घातलेली पोरं. कुणी कुणाला ओरडत नव्हतं. गडर मोकळा झाला की ते पाणी हळूहळू सोडतात. दुसऱ्या एका भागात टोसिंगे प्लास म्हणून चौक आहे. तिथलं डांबर उखडून त्यांनी उतार, झाडं आणि खळगे केलेत. छपरांचं पाणी तिथेच जिरतं. रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात, म्हणून रस्त्याचं पाणी मात्र वेगळं काढतात, झाडांना देत नाहीत. इतका बारीक विचार.

हे वाचून तुम्ही म्हणाल, तो श्रीमंत देश, आपलं कुठे जमतं. पण बाबा, सांडपाण्याचं मोल नागपूरनं देशात कितीतरी शहरांच्या आधी ओळखलं. भांडेवाडीत शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जायला लागलं, तेव्हा तुम्ही जेवताना किती अभिमानानं सांगत होता. पेंच धरणाचं पिण्याचं पाणी कूलिंग टॉवरमध्ये वाफ होऊन उडायचं ते वाचलं, असं तुमचंच वाक्य. रोज 13 कोटी लिटरच्या केंद्रापासून ते काम सुरू झालं. मी इथल्या सहकाऱ्यांना ही गोष्ट सांगते, तेव्हा ते वहीत लिहून घेतात. हे ज्या शहराला जमलं, त्याला पावसाचं पाणीही जमेल.

आणि आपलं शहर तर बसलंच आहे तळ्यांभोवती. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गांधीसागर, नाईक तलाव, सक्करदरा. पॅट्रिक गेडीस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थानात फिरले. नागपूर नगरपालिकेसाठीही त्यांनी 1917 मध्ये अहवाल लिहिला. त्या काळी मलेरियाच्या भीतीनं ठिकठिकाणी तळी बुजवायची टूम निघाली होती. गेडीस म्हणत, तळी बुजवू नका, त्यात मासे आणि बदकं सोडा, ती डासांचं बघून घेतील. तळ्यामुळे हवा गार राहते, हेही ते सांगत. मे महिन्यात पारा 47 च्या घरात जाणाऱ्या आपल्या गावाला ही गोष्ट आणखी कुणी सांगायला हवी का? जुन्या पोकळ कूलरसारखं झालंय शहराचं. पाणी काढून घेतलं आणि पंखा तेवढा जोरात लावला.

आपल्या अंगणाचं सांगते. आपला प्लॉट 3000 चौरस फुटांचा. त्या रात्रीसारखा 100 मिलिमीटर पाऊस झाला तर एकट्या आपल्या प्लॉटवर 28 हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे जवळपास तीन टँकर. सगळीकडे पेव्हर बसवले की हे तीन टँकर काही मिनिटांत नालीत, नालीतून नाग नदीत. आपल्या एका अंगणानं 2023 चा पूर थांबला नसता, हे मला माहीत आहे. अंबाझरीवरून आलेलं पाणी फार मोठं होतं. पण अंबाझरीपासून सीताबर्डीपर्यंत आपल्यासारखे जुने प्लॉट किती असतील, ते मोजा. प्रत्येकाला अंगण होतं, बऱ्याच जणांकडे विहीर होती. एकेक करून सगळी फरशीखाली गेली. त्यात सिमेंट रोड आला. आपल्या दारासमोरचा रस्ता जुन्या डांबरावरच ओतल्यामुळे दीड फूट वर गेला आणि आपलं फाटक खड्ड्यात गेलं. रस्ता करणाऱ्यानं जुना थर खरवडून काढायला हवा होता, हे तेव्हाही तुम्ही जाऊन सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही. आता रस्त्याचं पाणी आपल्याकडे येतं, आपलं कुठे जात नाही.

दादाला वाटतं, अंगण ठेवून काय होणार, काळी माती पाणी कुठे पिते. त्याचं अर्धं खरं आहे. मे महिन्यात त्याच मातीला एवढ्या भेगा पडायच्या की माझ्या गोट्या आत जायच्या, आठवतं? पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि वरचं पाणी वरच राहतं. म्हणून नुसती माती उघडी ठेवून भागत नाही. झाडांची मुळं हवीत, वर पालापाचोळा हवा, आणि मुरुमापर्यंत जाणारा एक शोषखड्डा हवा. आपली विहीर आजोबांनी काळ्या खडकापर्यंत नेलेली आहे. हा तयार रस्ता आहे, बाबा, आणि तोच आपण बुजवायला निघालोय.

गच्चीचं गणित तर आणखी सोपं. आपल्याकडे वर्षाला साधारण 1100 मिलिमीटर पाऊस होतो. 1000 चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षभरात जवळपास एक लाख लिटर पाणी पडतं. ते पाइपानं खाली आणायचं, वाळू-गिट्टीच्या खड्ड्यातून गाळायचं आणि विहिरीत सोडायचं. पहिल्या दोन पावसांचं पाणी मात्र सोडून द्यायचं, कारण त्यात गच्चीची धूळ आणि कबुतरांची घाण असते. विहिरीचा कठडा चार फूट वर घ्या, तुमच्या पेन्सिलीच्या रेघेच्या बराच वर. 2023 ला पुराचं घाण पाणी विहिरीत शिरलं, ते पुन्हा शिरायला नको. ती विहीर तुम्ही दोनदा उपसलीत, तेव्हा कुठे वास गेला. तोंडाला जाळी बसवा. जनरेटरची खोली पुढे फाटकाजवळ, ओट्यावर जाऊ दे.

दादाची दुसरी गोष्ट, हे सगळं सोडून शहराच्या कडेला बेसा-बेलतरोडीकडे प्लॉट घेऊन मोकळं घर बांधू, ती मला पटत नाही. तिकडे आधी लेआउट पडतात, मग आरएलची, म्हणजे प्लॉट नियमित केल्याच्या पत्राची, धावपळ, मग रस्ता, आणि गडर सगळ्यात शेवटी. नाला कुठून जात होता हे पहिल्या पावसातच कळतं. कोपनहेगननं 1947 मध्ये आपल्या वाढीचा एक आराखडा केला, हाताच्या पंजासारखा. शहर तळव्यात, आणि रेल्वेच्या मार्गानं पाच बोटं. बोटांवर वस्ती, बोटांच्या मधे शेतं आणि रानं. बोटांच्या मधली जागा अजूनही बरीचशी हिरवी आहे. आपल्या मेट्रोच्या दोन लाइन सीताबर्डीला कापतात, तेव्हा चार बोटं तयारच आहेत. मेट्रोच्या जवळ चार मजले चढवावेत आणि गोरेवाड्याच्या बाजूची, नाल्यांच्या काठची जमीन तशीच सोडावी, हे मला बरोबर वाटतं. शंकरनगर स्टेशन आपल्या घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे. तुम्ही दोघं तिथेच राहा. त्या जागी चार मजले होण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. जमीन तेवढी झाकू नका.

आता एक काम सांगते, आणि ते या आठवड्यातच करा. मृग लागलाय, पाऊस कधीही येईल. सकाळी, मोटर लावायच्या आधी, दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा आणि कठड्यापासून पाण्यापर्यंत किती फूट आहे ते मोजा. नंतर पाणी किती खोल आहे तेही. दोन्ही आकडे त्याच पेन्सिलीनं दारामागे, रेघेच्या खाली लिहा, तारीख घालून. पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, आणि तिसऱ्या दिवशीही. सगळे आकडे मला पाठवा. त्यावरून शोषखड्डा किती मोठा हवा ते मी काढते आणि बिल्डरच्या आर्किटेक्टला दाखवता येईल असा नकाशा करून जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाठवते. तोपर्यंत दादाला कशावरही सही करू देऊ नका. तो ऐकला नाही तर मला फोन लावून द्या, मी बोलते त्याच्याशी.

आई, विहिरीमागची कर्दळ आणि ते कढीपत्त्याचं झाड नकाशात मी माझ्या हातानं काढलंय, हिरव्या पेनानं. दोर सोडताना बाबांना एकटं सोडू नकोस, कठड्याची एक वीट हलते.

तुमची,
मनू