आप्पांचा सायकस

प्रिय सुध्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. आईचं बीपी गोळीवर, माझा गुडघा कुरकुरतो, चालायचंच. मुद्दा वेगळाच आहे आणि तो घरात कुणाला सांगून उपयोग नाही.

आप्पांच्या सायकसला पालवी फुटली. हे झाड एकेक पान काढत बसत नाही, मधल्या गड्ड्यातून अख्खा झुपका एकदम वर येतो. पानं अजून गुंडाळलेली, लवदार, तोच ती हजर. प्लेन्स क्यूपिड फुलपाखराची मादी, शास्त्रीय नाव ल्यूथ्रोडेस पांडवा. इंचभर पंख, शेपटीपाशी नारिंगी कडेचा काळा ठिपका. पोट वाकवून कोवळ्या पर्णिकांवर एकेक अंडं चिकटवत होती. जांभळट निळा नर आजूबाजूला नुसता मिरवत. आता अळ्यांनी निम्मा झुपका फस्त केलाय. नाव पांडवाचं, खाणं बकासुराचं!

दादा फवारणीचा पंप घेऊन तयार. आई बोलत काही नाही, पण सकाळी उठली की आधी कुंडीपाशी जाते. मागची पालवीही अशीच गेली. एकदा पानं गेली म्हणून सायकस मरत नाही, पण दर वेळी जात राहिली तर खोडातला साठा आटतो. आणि झाड आप्पांचं. तुला अधिक काय सांगू?

काल भिंग घेऊन बसलो. काळ्या मुंग्या अळीच्या मागच्या भागावर मिशांनी टकटक करतात, अळी गोड थेंब सोडते, मुंगी तो पिते. त्या बदल्यात परजीवी गांधीलमाश्यांपासून राखण. कॉलेजात तू छातीठोकपणे सांगायचास, मुंग्या अळ्या खायलाच येतात म्हणून. वर अबोलाही तूच धरलास! ये आता आणि बघ.

दादाचंही अगदीच चूक नाही. बागेतला हा सायकस, म्हणजे सागो पाम, मूळचा जपानकडचा. आपल्या पश्चिम घाटात देशी सायकस आहे, ते या पांडवाचं जुनं खाणं. शोभेसाठी लोकांनी सायकस जगभर नेले, मागोमाग हा गेला. मॉरिशस, मादागास्कर, इजिप्त, सगळीकडे पोचलाय. तिथे त्याला उपद्रवी म्हणोत. इथे तो घरचा आहे रे. आणि एवढ्या विषारी झाडावर जगून दाखवणाऱ्याला आपण डब्यातलं विष पाजायचं?

मला सुचतंय ते असं: पालवी आली की मच्छरदाणीचं कापड गुंडाळायचं. पानं एकदा कडक झाली की अळ्यांना ती खाता येत नाहीत. मागच्या अंगणात एक लहान सायकस लावायचा, तो हिच्यासाठी उघडा. दादा म्हणतो, फुलपाखरांसाठी वेगळं ताट वाढणारा तू पहिलाच. पण यंदाचं काय? हाताने अळ्या वेचू म्हटलं तर मुंग्या चावतात, आणि खरं सांगायचं तर हात होत नाही.

मुक्ताचा निकाल काय लागला? बदलीचं झालं का? वहिनींना नमस्कार.

दादाने रविवारपर्यंत मुदत दिली आहे. त्याआधी फोन कर, आणि माझ्याशी नको, आधी त्याच्याशी बोल. तुझं तो ऐकतो.

तुझा,
नंदू