गोळी बंद कधी करायची, ते कोणी सांगतच नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सावद्याचा, केळीची गाडी चालवतो. मागच्या पावसाळ्यात लोडिंग चालू होतं, फाळक्यावर ओली पानं पडलेली, पाय सटकला न सरळ खाली. उजव्या नडगीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत रॉड टाकला. हाड चांगलं जुळलं, त्याबद्दल काही तक्रार नाही. सोबत जी गोळी मिळाली तिच्याबद्दल लिहितोय, कारण आपल्याकडे घरोघरी ती कपाटात पडलेली असते न लोक तिला साधी अंगदुखीची गोळी समजतात.

डिस्चार्जच्या कागदावर पाच दिवसांच्या गोळ्या होत्या. ट्रामाडोल ३७.५ आणि पॅरासिटामोल ३२५ एकत्र. यातलं ट्रामाडोल डोक्यात जाऊन अफूसारखंच काम करतं हे मला फार नंतर कळलं. गोळी वाईट असं मी म्हणत नाही बरं का. पहिले चार दिवस मी झोपलो ते तिच्यामुळेच, फिजिओवाल्या ताईंनी गुडघा वाकवला तेव्हा सहन झालं तेही तिच्यामुळेच. आमच्या गल्लीतले एक काका सवय लागेल या भीतीने गोळीच घेत नव्हते, दुखतं म्हणून पाय हलवला नाही, गुडघा जो आखडला तो आजपर्यंत.

माझं उलटं झालं. सहाव्या दिवशी दुखू राह्यलं म्हणून शालकाने मोबाईलवर रिकाम्या पट्टीचा फोटो काढला, मेडिकलवर दाखवला, त्याने दोन पट्ट्या दिल्या. कागद मागितला नाही, नाव विचारलं नाही. वरून तिसरी पट्टी अर्धी कापून दिली, त्यात गोळीचं नावच कापलं गेलं न तारीख पण. आता वाचलं तर कळलं की ट्रामाडोल शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे औषधांच्या नियमांतल्या कडक यादीत आहे, म्हणजे २०१४ पासून दुकानदाराने डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं ठेवायचं असतं. २०१८ च्या एप्रिलपासून तर ती एनडीपीएस, म्हणजे नशेच्या पदार्थांच्या कायद्याखाली पण आली. पट्टीवर लाल चौकटीत इशारा असतो, पण इंग्रजीत, तोही मुंगीएवढ्या अक्षरात. आमच्या आईने तो कसा वाचायचा?

दोनाच्या तीन झाल्या, तिनाच्या चार. मधे कणकण आली म्हणून वेगळी तापाची गोळी पण घेतली, म्हणजे पॅरासिटामोल दोन्हीकडून पोटात, लिव्हरवर लोड येतो ते कोण सांगणार. एकदा मित्र भेटायला आले ते क्वार्टर घेऊन, "थोडी घे भाऊ, झोप लागंल." बायकोने त्यांना उंबऱ्यावरूनच हाकलून दिलं. त्या दिवशी मला तिचा असा राग आला होता न आज तिचे पाय धरावेसे वाटतात. या गोळीवर दारू घेतली किंवा झोपेची गोळी घेतली तर श्वास मंदावत जातो न माणूस झोपेतच जाऊ शकतो. हलवलं तरी जागा होत नाही, श्वास फार हळू चालतो, ओठ निळसर दिसतात असं झालं तर सकाळची वाट पाहू नका, कुशीवर वळवा न १०८ ला फोन करा. ज्याला फिट येते किंवा डिप्रेशनची गोळी चालू आहे त्याने तर ट्रामाडोलच्या आधी डॉक्टरला ते सांगितलंच पाहिजे, फिटचा धोका वाढतो.

अजून एक त्रास, त्याबद्दल लाजेने कोणी बोलत नाही. पाच दिवस पोट साफ नाही. आई इसबगोल देत राहिली. नंतर डॉक्टर म्हणाले या गोळीने आतडंच सुस्त होतं, नुसतं इसबगोल कमी पाण्यात घेतलं तर उलट अडकतं, न वेगळं औषध दिलं. हेच पहिल्या दिवशी दिलं असतं तर?

आणि मग पोळा. बरोबर त्या दिवशी गोळ्या संपल्या न दुकान बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जांभयांवर जांभया, नाक वाहतंय, घाम, जुलाब, पाय एका जागी ठेवता येईना. सगळे म्हणाले व्हायरल आहे. डॉक्टरांनी एकच विचारलं, गोळी किती दिवस घेतली? मी म्हटलं पंचवीसेक. ते कपाळावर हात मारून बसले. शरीराला सवय झाली होती, एकदम बंद झाली म्हणून हे सगळं. मग त्यांनी हळूहळू कमी करत दहा-बारा दिवसात सोडवली. बायकोने घाबरत विचारलं, "यांना व्यसन लागलं का हो?" ते म्हणाले शरीराला सवय होणं वेगळं न व्यसन वेगळं, पण रस्ता तिकडेच जातो. ते ऐकून मी दोन रात्री झोपलो नाही.

लांबच्या लाइनवर अंग दुखतं म्हणून हीच गोळी घेऊन स्टेअरिंगवर बसणारे मी पाहिलेत. भाऊ, तिने झापड येते. आमच्या आबांनी गुडघ्यासाठी माझ्यातली एक मागून घेतली तर चक्कर येऊन ओट्यावरच बसले, उलटी झाली. उरलेल्या गोळ्या कुणाला देऊ नका न जपून पण ठेवू नका. केंद्राच्या औषध नियंत्रण खात्याने २०२५ मध्ये सतरा औषधांची यादी काढली जी उरली तर संडासात टाकून पाणी सोडायचं, त्यात ट्रामाडोल आहे.

मेडिकलवाल्यांना सांगणं आहे की फोटोवर गोळी देऊ नका, गिऱ्हाईक नाराज झालं तरी. आणि डॉक्टर साहेबांना हात जोडून विनंती, गोळी किती वेळा घ्यायची लिहिता तसं कोणत्या तारखेला थांबायचं तेही मराठीत लिहा, न दुखणं राहिलं तर कुणाला फोन करायचा ते पण. माझा रॉड पुढच्या वर्षी काढायचा आहे. तेव्हा टेबलावर झोपायच्या आधी मी हीच तारीख विचारणार आहे.

आपला,
एक गाडीवाला
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव